पुस्तक मिटून आठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीच्या परीक्षा जवळ आल्या की स्मरणशक्ती वाढवून देणाऱ्या शिबिरांच्या जाहिरातींना ऊत येतो. माझी नात यंदा दहावीला आहे. तिचं इतिहासाचं पुस्तक उघडलं तर हायलायटरने पानंच्या पानं हळदीत बुडवल्यासारखी पिवळी. 'तीनदा वाचून झालंय आजी, सगळं येतंय.' पुस्तक मिटून विचारलं, तर दुसऱ्याच वाक्याला गाडी अडली.

पोरीचा दोष नाही. मजकूर ओळखीचा वाटला की तो आपल्याला येतो असंच मनाला वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही उतारे विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचले, तर काही न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं. आठवड्याने पारडं फिरलं : लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के शिल्लक होतं, पुन्हा वाचलेल्यातलं ४२. आदल्या रात्री वाचून चाचणीत चांगले मार्क पडतात आणि सहामाहीला पाटी कोरी असते, ती यामुळेच.

उजळणी कधी करायची हेही जुनंच ठाऊक आहे. जर्मनीच्या एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांत साधलं.

आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा असे. पावकी, निमकी, दिडकी असे पाढे, सगळं तोंडी. पुस्तक हातात नाही आणि रोज थोडं थोडं, म्हणजे वरच्या दोन्ही गोष्टी आपोआप होत. अर्थात परवच्याचे गोडवे मी गाणार नाही. 'सात आठे किती?' असं मधूनच विचारलं की मी मनात 'सात एके सात'पासून निघत असे, आणि तोवर वडिलांचा हात कानापर्यंत आलेला असे. क्रमाने पाठ केलेलं क्रमानेच आठवतं. म्हणून प्रश्न उलटसुलट हवेत, आणि अर्थ कळल्याशिवाय तर तेही व्यर्थ.

शाळांना एवढीच विनंती : तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तकं मिटून ठेवा. एक प्रश्न कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक दोन महिन्यांपूर्वीचा. उत्तरं मुलांनी आपापल्या वहीत लिहावीत, आपली आपण तपासावीत. यासाठी ना शिबिर लागतं, ना फी. मार्क मात्र कुठल्याही नोंदीत चढवू नका. चढवले की मुलं त्यासाठीही आदल्या रात्रीच घोकायला बसतील.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा