भाई, तुम्ही गाडीला हात लावला नाहीत म्हणून

आदरणीय भाई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही मला दोनदा बजावलंय, म्हणून हे पत्र नुसतं 'भाईं'ना. बडोद्यात प्रतापनगरच्या बाजूला ज्यांनी कधी गाडीच्या एसीत गॅस भरून घेतला असेल ते ओळखतीलच. दुकानात येऊन आभार मानायला लागले की तुम्ही चहा सांगता, आईंची तब्येत विचारता, आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून आता सगळ्यांसमोर, लिहून.

जुलैत मी तुमच्याकडे आले ते खरं तर एका फोन नंबरासाठी. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी उघडून स्वस्तात दुरुस्त करून देणारा कुणीतरी मकरपुऱ्याकडे आहे असं कानावर आलं होतं. आमची जुनी पेट्रोल गाडी तुमच्याकडे यायची, तुमच्या ओळखी मोठ्या, म्हणून वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. माझ्या पर्समध्ये सर्व्हिस सेंटरनं दिलेलं ६ लाख ८० हजारांचं एस्टिमेट होतं. घडी करून करून त्याच्या कडा फाटायला आल्या होत्या.

ही इलेक्ट्रिक गाडी आम्ही २०२२ च्या दसऱ्याला घेतली. ह्यांच्या निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा तिच्यात गेला. आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार असतं. दांडिया बाजारातून रिक्षानं न्यायचं आणि चार तासांनी गळून गेलेल्या बाईला परत रिक्षात बसवून आणायचं, हे आम्ही वर्षभर केलं होतं. ही गाडी आली आणि आई परतताना मागच्या सीटवर पाय पसरून झोपायला लागल्या. आवाज नाही, हादरे नाहीत. मला त्या गाडीचं एवढं का लागलं होतं ते लोकांना यावरून कळेल.

तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी लॅपटॉप लावला, 'इन्सुलेशन फॉल्ट' म्हणाले, म्हणजे वीज कुठेतरी गाडीच्या बॉडीत गळतेय. दोन दिवसांनी सांगितलं की बॅटरीत पाणी शिरलंय, पॅक बदलावा लागेल, आणि पुराचं पाणी वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, कसला पूर? तर म्हणे, बडोद्याची गाडी आहे ना, २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहरात पाणी होतंच. म्हणजे विश्वामित्री नदीला पूर आला आणि गाडीचा नंबर जीजे-०६ आहे, एवढाच त्यांचा पुरावा. पॅक कुणी उघडला नव्हता. काही मोजलं असेल तर ते मला दाखवलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी येऊन देवापुढे बसून रडले, भाई. ह्यांना आकडा सांगायची हिंमत होईना.

तुम्ही ते एस्टिमेट उलगडलंत, चष्मा लावून वाचलंत आणि पहिला प्रश्न विचारलात: "बेन, एसीचं काही काम केलं होतं का?"

मी नाही म्हणाले. मग आठवलं. एप्रिलमध्ये एसी गार करेना म्हणून त्याच सर्व्हिस सेंटरला गॅस भरून घेतला होता. तुम्ही काही बोलला नाहीत. दुकानाच्या मागून घरच्या फ्रिजचा एक जुना कंप्रेसर घेऊन आलात, मधोमध कापलेला. आत तांब्याच्या तारांची गुंडाळी होती, तेलानं ओली. गुंडाळीवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "पेट्रोल गाडीत कंप्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्याच्या पोटात मोटर नसते. फ्रिजमध्ये मोटर आत असते, तेलात आणि गॅसमध्ये बुडालेली. तुमच्या गाडीचा कंप्रेसर या फ्रिजचा भाऊ आहे. फरक एवढाच की तो तीनशेच्या वर व्होल्टवर चालतो."

मग तेलाचं सांगितलंत. पेट्रोल गाड्यांच्या एसीत पीएजी तेल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि त्यातून वीज झिरपते. तिथे मोटर आत नसल्यामुळे काही बिघडत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या कंप्रेसरला पीओई तेल लागतं, कारण तेच तेल मोटरच्या तारांना अंगाखांद्यावर घेऊन बसलेलं असतं. गॅस भरायचं मशीन दिवसभर पेट्रोल गाड्यांना लावलं आणि नळ्या साफ न करता इलेक्ट्रिकला जोडलं, तर नळ्यांतलं उरलेलं तेल आत जातं, आणि थोडंसं गेलं तरी मोटरच्या तारांतून वीज बॉडीत झिरपायला पुरतं. चाळीस वर्षं याच कामात असलेला माणूस हे सांगत होता. मला ते सगळं तेव्हाच कळलं असं नाही, पण कुणीतरी माझ्या गाडीबद्दल विचार करतंय हे कळलं. तोवर तेच कुणी केलं नव्हतं.

मी म्हटलं, मग भाई, तुम्हीच बघा ना गाडी. तुम्ही ताडकन 'ना' म्हणालात. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलला बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही, सील तुटलं की वॉरंटी गेली, आणि बॅटरी उघडणाऱ्या त्या माणसाकडे गेलात तर जीवही जाईल, कुणाचाही. आवाज चढला होता तुमचा. त्या दिवशी तुम्ही गाडीचं बॉनेटसुद्धा उघडलं नाहीत. गाडी बघायला तुम्ही हजार-दोन हजार मागितले असतेत तर मी आनंदानं दिले असते, आणि तिथेच माझा दावा संपला असता.

त्याऐवजी गल्ल्याखालून दोनशे पानी वही काढून तिच्यावर चार उभ्या रेघा मारून दिल्यात. तारीख-वेळ, पाऊस, एसी, दिवा. गाडी कुठे न्यायची नाही. पार्किंगमध्येच रोज दोन वेळा चालू करायची, आधी पंधरा मिनिटं एसी बंद, मग पंधरा मिनिटं एसी चालू, आणि जे दिसेल ते लिहायचं. "पाणी असेल तर पावसात दिवा लागेल. तेल असेल तर एसी लावल्यावर लागेल. एसी बंद असताना त्या मोटरच्या तारांपर्यंत वीज पोचतच नाही."

मी आठ दिवस लिहिलं. ती पानं आजही डोळ्यांपुढे आहेत. १६ जुलै, सकाळी ७.१०, रात्रभर पाऊस, एसी बंद, दिवा नाही. १९ जुलै, दुपारी ३, कडक ऊन, एसी चालू, चौथ्या मिनिटाला दिवा. सोळा नोंदी झाल्या. एसी बंद असताना दिवा एकदाही लागला नाही, अंगणात घोटाभर पाणी साचलं त्या सकाळीही नाही. एसी लावल्यावर सोळापैकी चौदा वेळा लागला. चौथ्या दिवसापासून ह्यांनीही खुर्ची टाकून शेजारी बसायला सुरुवात केली. मी वेळ सांगायची, ते लिहायचे. एस्टिमेटचा आकडा त्यांना मी तिथेच, त्या खुर्चीशेजारी सांगितला.

दिव्याची भीती कशी बाळगायची तेही तुम्हीच शिकवलंत. साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीची एक तार गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. मोठ्या बॅटरीचं प्लस आणि मायनस दोन्ही बॉडीपासून अलग ठेवतात. म्हणून एका जागी गळती झाली तर लगेच झटका बसत नाही, दुसऱ्या जागीही झाली की धोका. गाडी पहिल्याच गळतीला ओरडते, तिचं ऐकायचं आणि बाहेर काढायची नाही. त्या आठ दिवसांत आईंना आम्ही रिक्षानंच नेलं.

पुढचं सगळं मी केलं, पण सांगणं तुमचं होतं. तोंडी काही घ्यायचं नाही, तोंडी काही द्यायचं नाही. एप्रिलचं जॉब कार्ड डॅशबोर्डच्या खणात सापडलं, त्यावर गॅस भरल्याची नोंद आणि त्यांचाच शिक्का. पुराचं उत्तर फास्टॅगनं दिलं. २६ ऑगस्ट २०२४ ला गोकुळाष्टमी होती, आम्ही आदल्या दिवशीच आणंदला नणंदेकडे गेलो होतो आणि पाणी ओसरल्यावर परत आलो. जाता-येताचे एक्स्प्रेसवेचे टोल तारीख-वेळेसकट बँकेच्या स्टेटमेंटमध्ये होते. पुण्याहून मुलानं माहितीपुस्तिकेतलं एक पान पाठवलं: पॅक आयपी६७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जायला नको. हे सगळं वहीच्या फोटोंसकट कंपनीला ईमेल केलं आणि विचारलं की बॅटरी वेगळी करून इन्सुलेशन मोजलं असेल तर तो आकडा लेखी द्या. सहा दिवस उत्तर नाही. मग १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी कंपनीचा फोन आला.

तारखेची घाई तुम्ही लावलीत हे मी कधी विसरणार नाही. मी बॅटरीची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी धरून निवांत होते. तुम्ही पुस्तिका मागून घेतलीत आणि दाखवलंत की ती फक्त बॅटरीची. कंप्रेसर बाकीच्या गाडीच्या वॉरंटीत येतो आणि ती ३ वर्षांची, म्हणजे ऑक्टोबरमध्ये संपणार. दिवाळीपर्यंत बॅटरीवरून भांडत बसले असते तर बॅटरी निर्दोष ठरूनही कंप्रेसर माझ्याच गळ्यात पडला असता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचा इंजिनिअर बाहेरगावाहून आला. मला काचेपलीकडून बघू दिलं. रबरी हातमोजे घातले, मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, दहा मिनिटं नुसता थांबला. मग मेगर लावला, म्हणजे इन्सुलेशन वीज किती अडवतं ते ओहममध्ये मोजणारं यंत्र. कंप्रेसर जोडलेला असताना काटा जेमतेम काही हजार ओहमवर. कंप्रेसरचा नारिंगी कनेक्टर काढला आणि तोच आकडा मेगाओहममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या पुढे गेला. बाहेर येऊन त्यानं मला कागदावर गणित मांडून दाखवलं: एआयएस-०३८ या आपल्या मानकाप्रमाणे डीसी सर्किटला दर व्होल्टमागे किमान १०० ओहम हवेत, म्हणजे ३२० व्होल्टला ३२,००० तरी. बॅटरी त्याच्या कितीतरी वर होती. बॅटरीला काहीही झालेलं नव्हतं. मग त्यानं माझी वही मागितली आणि उभ्याउभ्या सगळी वाचली. विचारलं, "मॅडम, हे कॉलम कुणी आखून दिले?"

मी म्हटलं, आमचे भाई आहेत प्रतापनगरला.

कंप्रेसर, कंडेन्सर, एसीच्या सगळ्या नळ्या बदलल्या. तेल एकदा मिसळलं की नुसता कंप्रेसर बदलून भागत नाही, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी जॉब कार्डवर एकेक भाग लिहून घेतला. बिल शून्य. पुराचा शेरा त्यांनी नोंदीतून काढल्याचं लेखी दिलं. सर्व्हिस सेंटरच्या त्या मुलानं, ज्यानं मला एस्टिमेट दिलं होतं, येऊन माफी मागितली. मला त्याचा राग उरलेला नाही. इलेक्ट्रिक गाडीला वेगळं तेल लागतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ज्यांनी शिकवायला हवं होतं त्यांच्यावर मात्र माझा राग आहे आणि तो मी ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलाय. त्यांच्याकडे आता इलेक्ट्रिकसाठी वेगळं मशीन आलंय असं ऐकते. माझ्या पत्रामुळे आलं असेल तर त्यातला निम्मा वाटा तुमचा.

परवा सोमवारी डायलिसिसहून येताना आई मागच्या सीटवर झोपल्या होत्या. एसी चालू होता. कीर्तिस्तंभाच्या सिग्नलला मी सवयीनं डॅशबोर्डकडे बघितलं. दिवा नव्हता. आईंना जाग आली, विचारलं, "काय बघतेस गं?" मी तुमचं सांगितलं. म्हणाल्या, त्यांना घरी जेवायला बोलाव, पुरण मी वाटते. बसून वाटीन म्हणतात. तेव्हा रविवारी संध्याकाळी याल ना, भाभींना घेऊन? नाही म्हणायचं नाही, आईंचं बोलावणं आहे.

आणि ती वही मी काल तुमच्या पोऱ्याकडे देऊन आले आहे. माझ्या नोंदी पहिल्या तीन पानांतच संपल्या. तुमच्या दारात अशीच गाडी घेऊन कुणी आलं तर चौथ्या पानावर रेघा मी आधीच मारून ठेवल्यात.

तुमची,
दांडिया बाजारातली बेन