शाळेआधीची करोना चाचणी

मा. संपादक,

करोनाकाळात दिवाळीची सुट्टी संपत आली की आश्रमशाळेत परतणाऱ्या मुलांची करोना चाचणी कुठे करायची, हा प्रश्न पालकांपुढे येत असे. पुन्हा तशी वेळ आली, तर मेळघाट, एटापल्ली, कोरचीकडच्या पालकांनी थेट जिल्ह्याची एसटी पकडू नये. नमुने कोणत्या दिवशी घेतात, ते आधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. आरटीपीसीआरचा (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीचा) नमुना केंद्रात घेतला तरी तपासणी दूरच्या प्रयोगशाळेत होते. तो शीतपेटीत २ ते ८ अंश सेल्सिअसला न्यावा लागतो. गाडी चुकली की दिवस गेलाच. शाळेने ७२ तासांच्या आतला अहवाल मागितला असेल, तर तास नमुना दिल्यापासून मोजावेत. पण अहवाल यायलाच वेळ लागतो, म्हणून शनिवारच्या नमुन्यावर सोमवारची शाळा धरू नका.

अँटिजेन या झटपट चाचणीचा निकाल १५ ते ३० मिनिटांत कळतो. त्यानंतर चाचणीपट्टीवर उमटलेली रेघ ग्राह्य नाही. ताप-खोकला असताना ही चाचणी निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर करावीच.

घशातला नमुना देण्याआधी अर्धा तास मुलाला काही खाऊ-पिऊ घालू नये. लहानग्याला मांडीवर घेऊन कपाळ हळूच धरावे. डोके हलले की नमुना नीट येत नाही. अर्जावर रेंजमधला मोबाइल क्रमांकच द्यावा, नाहीतर अहवालाचा संदेश पोहोचतच नाही.

शाळांनाही कळकळीची विनंती: करोनातून बरे झालेल्या, लक्षणे नसलेल्या मुलाची तीन महिन्यांच्या आत पुन्हा आरटीपीसीआर मागू नका. संसर्ग पसरण्याची शक्यता संपल्यावरही विषाणूचे अवशेष कित्येक आठवडे सापडतात आणि धडधाकट मूल विनाकारण घरी बसते.

– ग्रामीण आरोग्य कार्यकर्ते, गडचिरोली जिल्हा