चुकीचा जोडणी तक्ता, जळालेला ट्विटर आणि नाकारलेली वॉरंटी : कार ऑडिओ संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या जोडणी तक्त्यावरून घेतलेला सबवूफर व ॲम्प न जुळल्याबद्दल, ट्विटरची वॉरंटी नाकारल्याबद्दल आणि माहितीपत्रकातील फ्यूजच्या आकृतीबद्दल

महोदय / महोदया,

गाडीसोबत आलेले स्पीकर काढून समोरच्या दारांत कंपोनंट स्पीकर (बारीक आवाजाचा ट्विटर आणि जाड आवाजाचा वूफर वेगवेगळे असलेले), डिकीत 12 इंची सबवूफर (सगळ्यात खालच्या स्वरांचा स्पीकर) आणि दोन्हींसाठी वेगवेगळे ॲम्प (स्पीकरला ताकद पुरवणारी यंत्रे) असा पूर्ण संच मी आपल्या कंपनीकडून घेतला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. या संचाबाबत आपल्या हेल्पलाइनशी माझे तीन वेळा बोलणे झाले आणि एक ईमेलही आला. त्यातून काहीच मार्गी लागले नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

मोठ्या आवाजाचा हट्ट मला कधीच नव्हता. मला खर्ज हवा होता. गाणाऱ्याचा आवाज समोरून, डोळ्यांच्या पातळीवरून यावा आणि त्याच्याखाली बास नुसता धडधडू नये, सुरात ऐकू यावा, एवढीच इच्छा होती. म्हणून ट्विटर आणि वूफर एकाच चौकटीत असलेल्या को-ॲक्सियलऐवजी कंपोनंट घेतले, कारण त्यांचा ट्विटर वेगळा असतो आणि आरशाजवळच्या कोपऱ्यात वर बसवता येतो. स्पीकर निवडताना संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक ताकदीत तो किती मोठा आवाज देतो याचा, आकडा पाहिला. 88 ऐवजी 91 डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते, हे समजून घेतले. हेड युनिटवर (डॅशबोर्डमधल्या म्युझिक प्लेअरवर) 4×50 वॉट छापलेले असले तरी त्यातून एका चॅनेलला जेमतेम 15 ते 20 वॉट आरएमएस (सतत देता येणारी खरी ताकद) मिळतात, म्हणून वेगळ्या ॲम्पसाठी पैसे साठवले. दोन महिने मी याच विचारात होते.

सबवूफर, त्याचा ॲम्प आणि त्याचा बॉक्स या तिघांचे गणित मात्र मला एकटीला जमेल असे वाटले नाही. नेमके हेच काम आपला जोडणी तक्ता करून देतो, असे आपण जाहीर सांगता. ‘आपला सबवूफर निवडा, योग्य ॲम्प आणि बॉक्स आम्ही सांगतो.’ त्या एका ओळीवर मी विश्वास ठेवला.

तक्त्यात माझ्या सबवूफरसमोर लिहिले होते : दोन्ही कॉइल (स्पीकर हलवणारी तारेची वेटोळी) पॅरलल जोडा, 2 ओहम मिळतील, त्यासाठी आपला मोनो (एकाच चॅनेलचा) ॲम्प घ्या, सोबत 20 लिटरचा बंद बॉक्स. ओहम म्हणजे विद्युत अडथळ्याचे माप, ते जितके कमी तितका ॲम्पवर भार जास्त. सांगितले तसेच सगळे बसवले. पहिले गाणे लावले, आवाज अर्ध्यावर नेला आणि दोनच मिनिटांत सबवूफर गप्प झाला. डिकी उघडून पाहिले तर ॲम्पवरचा हिरवा दिवा जाऊन तांबडा लागला होता. बंद करून पुन्हा लावला, पुन्हा तेच. हे चार वेळा झाल्यावर मी सबवूफर बॉक्समधून बाहेर काढला आणि मल्टिमीटर लावला. एका कॉइलचे रीडिंग 1.8, दुसरीचेही 1.8, आणि दोन्ही पॅरलल जोडल्यावर 0.9. म्हणजे या सबवूफरला दोन कॉइल आहेत, प्रत्येक 2 ओहमची. अशा दोन कॉइल पॅरलल जोडल्या की 1 ओहम होतो आणि सिरीजमध्ये जोडल्या की 4. दोन्ही कॉइल वापरून 2 ओहम येतच नाही. आणि आपल्याच माहितीपत्रकाप्रमाणे हा ॲम्प 2 ओहमच्या खाली चालवायचा नाही. तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत होता, त्यात त्याचा काहीच दोष नव्हता. याच सबवूफरचा 4 ओहमच्या दोन कॉइलचा प्रकारही आपण विकता. तो पॅरलल जोडला की बरोबर 2 ओहम होतात. तक्ता करणाऱ्याने दोन प्रकारांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या, असे मला वाटते. चूक कोणाकडूनही होते. पण ती दाखवून दिल्यानंतर आपल्याकडून जे झाले, त्याचे मला जास्त वाईट वाटते.

हेल्पलाइनवरच्या गृहस्थांनी मला कॉइल सिरीजमध्ये जोडायला सांगितले. जोडल्या. ॲम्प बंद पडायचा थांबला, पण 2 ओहमवर 320 वॉट आरएमएस देणारा हा ॲम्प 4 ओहमवर 180 च देतो. कानाला हा फरक अडीच डेसिबलचा. एवढ्याने खर्ज नाहीसा होत नाही, हे मलाही कळते. खर्ज नाहीसा झाला तो बॉक्समुळे. सबवूफरसोबतच्या पत्रकात बंद बॉक्ससाठी 35 लिटर सांगितले आहेत, तक्त्याने मला 20 लिटरचा दिला. बॉक्स लहान झाला की आतली हवा जास्त ताठ होते, स्पीकरची अनुनाद वारंवारता (ज्या कंपनसंख्येवर तो सगळ्यात सहज थरथरतो ती) वर सरकते आणि सगळा जोर 60-70 हर्ट्झच्या आसपास गोळा होतो. तिथे नुसता फुगवटा आणि 40 हर्ट्झच्या खाली जवळजवळ शुकशुकाट. बासचा खाली उतरत जाणारा स्वर मध्येच पायरी तुटावी तसा तुटतो. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच हाती लागले नाही.

हे सगळे मी फोनवर सांगितले. त्यावर उत्तर आले की दोन्ही ॲम्पचा गेन पाऊण फिरवा आणि बास बूस्ट (बास वाढवण्याचे बटण) पूर्ण करा, आवाज भरेल. मी तिथेच विचारले की गेन म्हणजे हेड युनिटमधून येणारा सिग्नल ॲम्पशी जुळवण्याचे बटण ना, आवाज वाढवायचे नव्हे ना? ‘मॅडम, आमचे सगळे ग्राहक असेच करतात’, असे मला सांगण्यात आले. कंपनीचा माणूस सांगतो आहे म्हणून मी केले. तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूचा ट्विटर बंद पडला. आधी ‘स’ आणि ‘श’ चरचरल्यासारखे येऊ लागले, मग झांजेचा आवाज फाटला आणि मग त्या बाजूने फक्त दारातल्या वूफरचा जाड आवाज उरला. गेन प्रमाणाबाहेर गेला की ॲम्प क्लिप होतो. लाटेचे शेंडे कापले जातात, सरासरी ताकद वाढते, वरच्या पट्टीत नको ती भर पडते, आणि सगळ्यात आधी बळी जातो तो ट्विटरच्या केसासारख्या बारीक कॉइलचा. आपल्या तंत्रज्ञांना मी हे सांगण्याची गरज नसावी.

ट्विटर बदलून मागितला तेव्हा आपला ईमेल आला : चुकीच्या वापरामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. वापर चुकीचा होता हे मला मान्य आहे. पण तो आपल्या माणसाच्या सांगण्यावरून झाला. त्या फोनची तारीख आणि वेळ मी सोबत दिली आहे. आपण संभाषणे रेकॉर्ड करता असे सुरुवातीलाच ऐकवले जाते, तेव्हा ते काढून ऐकावे, एवढीच विनंती आहे.

आणखी एक बाब. सबवूफर आणि मोनो ॲम्प या दोन्हींच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 1500 वॉट छापले आहे. ॲम्पच्या बाजूला फ्यूज आहे 30 अँपिअरचा. गाडी चालू असताना 14.4 व्होल्ट धरले तर 30 × 14.4 म्हणजे 432 वॉट. ॲम्पमध्ये सतत आत जाऊ शकणारी ताकदच एवढी असेल, तर बाहेर 1500 येणार कुठून? आतल्या पत्रकातला 320 चा आकडा या हिशेबात चोख बसतो. म्हणजे खरा आकडा आपल्याला माहीत आहे आणि तो आपण लपवलेलाही नाही, फक्त खोके फोडल्यावरच दिसेल अशा जागी बारीक अक्षरांत ठेवला आहे. ॲम्पची ताकद कशी मोजावी यासाठी 2003 पासून सीईए-2006 हे मानक आहे, आता त्याला सीटीए-2006 म्हणतात. 14.4 व्होल्ट, 4 ओहम आणि आवाजात जास्तीत जास्त 1 टक्का विकृती, अशा अटींवर मोजलेला आरएमएस आकडा त्यात द्यावा लागतो. तो आकडा खोक्याच्या दर्शनी बाजूला छापला, तर स्पीकर आणि ॲम्प जुळवताना माझ्यासारख्यांची फसगत होणार नाही.

दारातल्या वूफरची खोली पत्रकापेक्षा 7 मिलिमीटर जास्त भरली आणि काच खाली घेताना चुंबकावर अडकली. ते मी वूफर थोडा बाहेर आणणारी रिंग लावून निभावून नेले, त्याबद्दल माझी मागणी नाही. पत्रकातला आकडा तेवढा दुरुस्त करावा.

मात्र एका गोष्टीवर मी आपल्याशी तडजोड करणार नाही. वायरिंग किटच्या आकृतीत मुख्य फ्यूज डिकीत, ॲम्पच्या शेजारी दाखवला आहे. बॅटरीपासून डिकीपर्यंतची जाड वायर इंजिनाच्या बाजूने, पत्र्याच्या भोकातून, सीटखालून जाते. वाटेत कुठे तिचे आवरण घासून ती पत्र्याला टेकली, तर डिकीतला फ्यूज काहीच करू शकत नाही, कारण शॉर्ट त्याच्या आधीच झालेला असतो. बॅटरी पूर्ण प्रवाह ओतत राहते, वायर तापते आणि गाडी पेट घेऊ शकते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा. मला हे माहीत होते म्हणून मी तो तिथे बसवून घेतला आणि वायर घासू नये म्हणून पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारे कडे) घातले. ज्यांना माहीत नाही, ते आपली आकृती समोर ठेवून वायर ओढत असतील. त्या गाड्यांत मुले मागच्या सीटवर बसतात, त्याच वायरच्या वर. माझ्या पैशांचे काय करायचे ते आपण सावकाश ठरवा, पण ही आकृती आजच मागे घ्या आणि ज्यांनी हे किट घेतले आहे त्या प्रत्येकाला कळवा.

माझ्यापुरती मागणी अशी : आताचा सबवूफर परत घेऊन 4 ओहमच्या दोन कॉइलचा द्यावा, 20 लिटरच्या बॉक्सऐवजी 35 लिटरचा द्यावा आणि ट्विटर वॉरंटीत बदलून द्यावा. हे शक्य नसेल तर सबवूफर, मोनो ॲम्प, बॉक्स आणि ट्विटर यांची पूर्ण रक्कम परत करावी. तक्त्यातली ती ओळ दुरुस्त झाल्याचेही मला लेखी कळवावे. स्पीकरचा आवाज चांगला आहे, उजव्या बाजूने तो अजूनही कानाला गोड लागतो, आणि हा संच नीट जुळून यावा असे मला मनापासून वाटते. म्हणूनच रक्कम परत मागण्याआधी मी बदली मागते आहे.

मल्टिमीटरच्या रीडिंगचे फोटो, तक्त्याच्या त्या ओळीचा स्क्रीनशॉट, दोन्ही पत्रकांची पाने आणि आपला ईमेल सोबत जोडला आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जावे लागेल.

कळावे,
आपली ग्राहक