सुऱ्यास पत्र: झाडाखालची बार्शी लाइट

बेथलेहेम, पेनसिल्व्हेनिया
५ डिसेंबर

प्रिय सुऱ्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, शुगर काबूत, गुडघा आहे तिथंच आहे.

गाडी घसरतेय. ख्रिसमसच्या झाडाखालची. आणि या अख्ख्या गावात तुझ्यासारखं पी-वे, म्हणजे रेल्वेच्या रुळांचं काम, कळणारं एक माणूस नाही, म्हणून हे पत्र.

इथल्या मोरावियन लोकांत झाडाखाली गाव मांडायची जुनी पद्धत आहे, आपल्याकडे दिवाळीत किल्ला करतात तसं. डेबीच्या आजीची चिनी मातीची घरं आहेत, आत दिवा लागणारी, एकेक घर सात-आठ इंच उंच. तिथंच पहिली मेख. दुकानात सगळीकडे एचओ मापाची खेळगाडी मिळते, खरीच्या १:८७. ते इंजिन या घरांच्या दारातून सहज आत जाईल. अभिला जुन्या पद्धतीची लायनेल कंपनीची गाडी हवी होती. तिच्या ओ-२७ रुळांचं वर्तुळ अवघं २७ इंच व्यासाचं, जागेला सोयीचं. पण मधला तिसरा रूळ बघून तूच अंथरूण धरलं असतंस, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरीचं रबर वाळून तडकतं ते वेगळंच.

मग सापडलं ऑन-थर्टी नावाचं माप. डबे-इंजिन १:४८, म्हणजे घरांना शोभेलसे, पण रूळ एचओचेच, १६.५ मिलिमीटर. कारण ही नॅरोगेजची गाडी. कुठलं नॅरोगेज? ३० इंच. सुऱ्या, ३० इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपलं! कॅल्थ्रॉपसाहेबानं १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी, म्हणजे आपली बार्शी लाइट रेल्वे, ज्या गेजवर टाकली तेच गेज पेनसिल्व्हेनियात डेबीच्या आजीच्या चर्चसमोरून धावतंय. हे इथं कुणाला सांगू? सांगितलं तर "ओ, नाइस" म्हणतात.

आता तू लगेच भागाकार करशील, म्हणून मीच सांगतो. ७६२ भागिले ४८ म्हणजे १५.९. रूळ १६.५ चे. पूर्ण मापात ३० मिलिमीटर स्लॅक, रुळांत तेवढं जादा अंतर. वळण १८ इंची त्रिज्येचं, म्हणजे खऱ्या मापात २२ मीटर, तुमच्या हिशेबानं ८० डिग्रीचं. ट्रॉलीतून उतरून तू लाल झेंडा लावला असतास. पण खेळण्यात हे चालतं, इंजिनवाल्यांनी चाकांना तेवढी मोकळीक दिलेली असते. १८ इंची वळणाचे १२ तुकडे जोडले की वर्तुळ पुरं, व्यास ३६ इंच.

पाट ४ बाय ४ फूट. २ बाय ४ फुटांच्या अर्ध्या इंची प्लायचे दोन तुकडे, खाली एक बाय तीनच्या पट्ट्यांची चौकट, वर एक इंची गुलाबी फोम. फोमवर स्प्रेचा रंग मारायचा नाही, तो फोम खातो. पाण्यातला रंगच लावायचा. दोन तुकडे का, तर मधोमध झाडाचं स्टँड बसायला २० इंची भोक, अर्धं या पाटात अर्धं त्या पाटात. आधी झाड उभं करायचं, फांद्या दोन दिवस खाली बसू द्यायच्या, मग पाट दोन्ही बाजूंनी सरकवून बोल्टनं आवळायचे. भोक खोडापुरतं ठेवून पाट स्टँडच्या वर उचलणारेही आहेत. त्यात आत जागा मिळते खरी, पण खऱ्या झाडाला रोज पाणी लागतं, आणि ते नरसाळं-नळीनं आंधळेपणी घालायचं. प्लायवर पाणी सांडलं की संपलं. मी मोठ्या भोकाचाच पक्षपाती.

वर्तुळाच्या आत त्यामुळे घरं मावत नाहीत. बाहेरच्या चार कोपऱ्यांत मात्र ऐसपैस जागा आहे: मध्यापासून कोपरा ३४ इंच, त्यातले १८ रुळापर्यंत गेले, १६ उरले. चर्च एका कोपऱ्यात, बेकरी दुसऱ्यात.

अभिला पूल हवा. एक वेढा वर, एक खाली. त्याला कागदावर करून दाखवलं: खालून गाडी जायला निदान ४ इंच उंची, ५० ला १ चा चढ धरला तर २०० इंच नुसतं चढायला, तेवढंच उतरायला. आपलं वर्तुळ सगळं मिळून ११३ इंच. तरी म्हणतो, "बाबा, थोडा तीव्र चढ घ्या." बापावर गेलाय असं म्हणशील. म्हण.

आता घसरण्याचं. गाडी मागच्या बाजूला, भिंतीकडे, जिथं पोटावर झोपल्याशिवाय दिसत नाही तिथंच घसरते. इंजिन २-६-०: पुढे दोन छोटी चाकं, मग सहा मोठी, मागे काही नाही. पुढची पोनीची दोन चाकं आधी उतरतात, मग बाकीचं त्यांच्यामागे. घड्याळाच्या दिशेनं जाताना उतरतात, उलट नाही. डबे कुठंच उतरत नाहीत.

जागा एकच, म्हणजे दोष रुळात, एवढं तुझ्याच तोंडून ऐकलंय. तरी चाकांचं गेज लावून पाहिलं: बरोबर. मग जॉइनर, रुळांचा सांधा. या रुळात फिशप्लेटच्या जागी पत्र्याची चिमटी असते. रूळ तिच्यात सरकायच्या ऐवजी तिच्यावर चढून बसला तर डोळ्यांना कळत नाही. नखानं कळतं. रुळाच्या आतल्या कडेवरून नख ओढायचं. नख अडलं तर चाकाची कड, फ्लँजही अडणार. सगळ्या बारा जोडांवर नख फिरलं, कुठं अडत नाही.

आणि जोड मुद्दाम पाटाच्या फटीवर येऊ दिलेला नाही. फटीवर तुकड्याचा मधला भाग आहे, आणि ते दोन तुकडे चिकटवलेले नाहीत. पाट आवळल्यावर शेवटी बसवायचे.

राहिलं क्रॉस लेव्हल, दोन्ही रूळ एका उंचीवर आहेत का ते. सहा इंची लेव्हल रुळांवर आडवी ठेवली. फटीच्या अलीकडे बाहेरचा रूळ पोस्टकार्डाच्या जाडीएवढा खाली. पलीकडे आतला रूळ तेवढाच खाली. मध्ये अंतर जेमतेम इंजिनाच्या लांबीचं. म्हणजे तुमचा ट्विस्ट. मोठ्या चाकांवर वजन आहे, ती दाबून निघतात. पोनी हलकी, तिचं एक चाक हवेत तरंगतं आणि ८० डिग्रीच्या वळणावर तेवढ्यात फ्लँज रुळावर चढतो.

कारण खालचा गालिचा. इथल्या गालिच्याखाली अर्धा इंच स्पंज असतो. चर्च आणि टाउन हॉल, दोन्ही जड घरं मागच्या एकाच कोपऱ्यात, तो पाट रोज थोडा थोडा बसतोय. ब्लॅक कॉटन सॉइलवर रुळाखालचा भराव बसतो ती कटकट तू तीस वर्षं भोगलीस, मी काय सांगू.

आता तुझा निकाल हवा. एक मार्ग: रुळाखाली पॅकिंग. जाड कागदाच्या पट्ट्या, एकावर एक पायऱ्या सोडत, म्हणजे उंची एकदम न बदलता पाच-सहा इंचांत बदलेल. सोपं, पण गालिचा उद्या आणखी बसला की पुन्हा पोटावर झोपा. दुसरा: पाटाखाली. फटीवरून आडव्या दोन पट्ट्या, बोल्टनं दोन्ही पाटांना आवळलेल्या, म्हणजे दोघं एकत्रच बसतील किंवा एकत्रच राहतील. चौकटीला टी-नट ठोकून सहा स्क्रूचे पाय, आणि प्रत्येक पायाखाली चार इंची लाकडी चौकोन, स्पंजात रुतू नये म्हणून. मला दुसराच पटतो. तू म्हणशील बाहेरचा रूळ थोडा चढव, वळण आहे. नको! तुझ्या सुपरएलिव्हेशनपायी आपण दोघं बार्शीच्या फलाटावर हमरीतुमरीवर आलो होतो, ते वहिनींना अजून आठवतं. एवढ्याशा वळणावर आणि एवढ्या कमी वेगात त्याचा उपयोग शून्य. उलट लांब गाडी ओढली की मधले डबे आत पडतात. चालत्या बार्शी लाइटमधून उतरून बोरं तोडून परत चढलास हेही मी अजून मानलेलं नाही.

बाकी किरकोळ. मागं गेलं की इंजिन मंदावायचं, तिथं तार डकवलेल्या जॉइनरची दुसरी जोडी घातली, आता एकसारखं धावतं. घरांतले जुने दिवे १२० व्होल्टचे होते, ते काढून ५ व्होल्टचे एलईडी. बर्फासाठी डेबी कापूस पसरत होती. कापसाचा धागा आसाला गुंडाळला की गिअर जाम, म्हणून रुळापासून दोन इंच सोडून पांढरं फेल्ट. झाडावरची चंदेरी झिरमिळी दोन रुळांवर आडवी पडली की शॉर्ट, ती खालच्या फांद्यांवर बंद. झाडाच्या सुया रोज सकाळी ब्रशनं झाडायच्या, व्हॅक्यूमनं नाही, तो छोटी माणसं गिळतो. घरं रुळाला लागतील की काय ते बघायला सर्वांत लांब डब्याच्या मध्यावर आणि कोपऱ्यावर पेन्सिली चिकटवून एक फेरी मारली; रेघ उमटते, रेघ आणि रूळ यांच्यामध्ये काही ठेवायचं नाही.

तुझं काय? मोतीबिंदूचं झालं का? सोलापूरचं घर विकलंस असं दिल्या म्हणाला, बरं केलंस. मनीषाच्या निकालाचं कळव. वहिनींना नमस्कार.

वीस तारखेला डेबीचे आईवडील येतात. त्याआधी पॅकिंग की पाय, एवढं लिही. आणि बार्शी लाइटच्या डब्यांचा रंग तुझ्या डोळ्यांपुढे नक्की कसा आहे? मातकट लाल रंगाची डबी आणून ठेवलीय, उघडलेली नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. घसरण्याचा व्हिडिओ पाठवतोय. आवाज बंद ठेवून बघ, मागून अभि पूल पूल करतोय.