'अ‍ॅडजस्ट' आणि बैलाचे जू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या टिपणात 'अ‍ॅडजस्ट' हे क्रियापद 'जस्ट', म्हणजे न्याय्य, यावरून आल्याचे म्हटले आहे. हा समज जुना आहे, पण मूळ दुसरे आहे.

लॅटिनमध्ये 'युक्स्ता' म्हणजे लगत, जवळ. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये 'जवळ आणणे, जोडणे' अशा अर्थाचे क्रियापद झाले. पुढे न्याय्य या अर्थाच्या 'युस्तुस'शी लोकांनी त्याचे नाते लावले आणि 'नीट बसवणे' हा अर्थ त्यात शिरला. १७व्या शतकात इंग्रजीत रुळला तो असा.

'युक्स्ता'चे कूळ तर आपल्या ओळखीचेच. संस्कृत 'युज्', 'योग', 'युग' त्याच घरचे, आणि 'युग'चेच मराठीत 'जू' झाले. मी खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा. एक बैल मागे राहिला की जू तिरके होते आणि दुसऱ्याचा खांदा सोलतो, हे लहानपणी पाहिले आहे. म्हणून सुनेला किंवा भाडेकरूला 'अ‍ॅडजस्ट करून घे' म्हणजे 'तू एकटीच सोस', 'तू एकटाच सोस' असे सांगितलेले ऐकले की जीव तुटतो. त्या शब्दात दोघांनी जवळ येणे आहे. भालाईत घोडेस्वारांच्या झुंजीला इंग्रजीत 'जाउस्ट' म्हणतात, तोही 'युक्स्ता'तूनच निघाला. आपल्याकडे नाही का, बैल जुंपतात आणि दोघांची जुंपतेही!

बेळगावहून खानापूरला येणाऱ्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथी बाई येते आणि म्हणते, "स्वल्प सरीरी." कन्नड न येणारी आमची म्हातारी माणसेही लगेच सरकतात. त्यातला 'स्वल्प' आपल्या स्वल्पविरामातला. 'सरि' म्हणजे कन्नडमध्ये सरकणे, आणि 'सरि' म्हणजे बरोबर, ठीक. 'अ‍ॅडजस्ट'मध्ये जवळ येणे आणि नीट करणे हे दोन अर्थ एकत्र यायला शतके लागली. कन्नडमध्ये ते एकाच उच्चारात आहेत, आणि शेजारच्या भाषेतले हे आपण रोज ऐकतो.

पुढच्या पुरवणीत कृपया दुरुस्ती छापावी, आणि तिथेच 'सरि'लाही दोन ओळी द्याव्यात.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव