आबा, शिरस्त्राणाचा साचा तुम्हालाच जमेल

मँचेस्टर, नोव्हेंबर

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

भाऊनं बोलून पाठवलेला निरोप ऐकला. शिवजयंतीच्या मिरवणुकीत गल्लीतल्या पोरांना यंदा पुठ्ठ्याची नकोत, खरी वाटतील अशी शिरस्त्राणं हवीत, आणि तुम्ही म्हणालात, तिला विचारा, ती तिकडे हेच करते. मागून मायचा आवाजही आला, "तू तठे टोप्या बनाडाले गयी का?" तिला सांगा, हो, आणि टोप्यांचाच पगार मिळतो.

फोनवर सांगितलं तर भाऊ अर्धं ऐकतो आणि उरलेलं स्वतःच्या मनानं करतो. म्हणून कागदावर लिहिते. कारखान्यात खिळ्याला अडकवून ठेवा.

तुम्ही निरोपात "ते विलायती सिलिकॉनचं काम" म्हणालात. आबा, ते तुमचंच काम आहे. गणपतीच्या मूळ मूर्तीवर तुम्ही रबराचं दूध ब्रशनं चढवता, वाळलं की पुन्हा हात मारता, मध्ये बँडेजचं कापड घालता आणि वरून प्लास्टरचं दोन फाळ्यांचं कवच करता. इथे मी दिवसभर तेच करते. रबराच्या दुधाच्या जागी सिलिकॉन असतं, एवढाच फरक. मग भाऊ विचारेल, रबर आहेच तर खर्च कशाला? प्लास्टरची मूर्ती काढायची असती तर मीही म्हटलं असतं, नको. पण प्लास्टरचं शिरस्त्राण पोरांच्या डोक्यावर टिकणार नाही. जड होईल आणि चौकापर्यंत जायच्या आत कुणाचं तरी फुटेल. ते फायबरचंच हवं. फायबरच्या रेझिनमध्ये जे स्टायरीन असतं ते रबराला फुगवतं, साचा वेडावाकडा होतो. शिवाय रबराच्या दुधातलं पाणी उडालं की साचा थोडा आक्रसतो. गणपतीच्या कानात ते कळत नाही, डोक्यात घालायच्या वस्तूत कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिलिकॉनच्या दोन जाती. एक प्लॅटिनमवर घट्ट होतं, दुसरं टिनवर, म्हणजे कथलावर. इथे आम्ही बहुतेक प्लॅटिनमचं वापरतो, कारण ते जवळजवळ आक्रसत नाही आणि साचा वर्षानुवर्षं टिकतो. पण ते भारी सोवळं आहे. गंधकाचा स्पर्श झाला की जिथे झाला तिथे चिकटच राहतं, कधीच आवळत नाही. रबराच्या दुधात, रबरी हातमोज्यांत, काही तेलकट मातींत गंधक असतं. तुमच्या कारखान्यात कुठला ब्रश, कुठली बादली, कुठली फळी रबराच्या दुधात बुडालेली नाही? तेव्हा भाऊला कुणी दुकानदार "प्लॅटिनमचं घ्या, वरचा माल" म्हणाला तरी ऐकू नका. टिनचं घ्या. ते स्वस्त असतं, गंधकाला जुमानत नाही. काही वर्षांनी ते कडक होऊन फाटेल, पण तोवर पोरं मोठी होऊन ढोलपथकात गेलेली असतील. हार्डनर मात्र डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, वजनकाट्यावर मोजूनच. "थोडं जास्त टाकलं की लवकर होतं" हे भाऊचं शास्त्र इथे चालणार नाही. जास्त टाकलं तर साचा लवकर ठिसूळ होतो.

मूळ नमुना तुम्ही नेहमीसारखा शाडूत करा, मग प्लास्टरमध्ये उतरवून त्यावर शेवटचा हात फिरवा. फक्त घुमट आणि त्याची कड एवढंच एका साच्यात. वरचं टोक आणि नाकावरची पट्टी वेगळी काढून मागाहून बसवा. सगळं एकदम काढायच्या नादात साचा अडकतो. प्लास्टर पाणी पितं तसं सिलिकॉनही त्याच्या छिद्रांत शिरतं, म्हणून चपडा लाखेचे दोन-तीन हात आणि वर व्हॅसलिनचा अगदी पुसट थर. ब्रशचा एक ओरखडा राहिला तरी तो प्रत्येक शिरस्त्राणावर उमटेल. सिलिकॉन काहीच माफ करत नाही.

नमुना फळीवर पक्का बसवा आणि सिलिकॉन फळीवरही चारी बाजूंनी दोन-तीन बोटं पसरू द्या, तीच पुढे साच्याची कड होते. पहिला हात पातळ. वरून बारीक धारेनं सोडायचा, खाली ओघळू द्यायचा, मग मऊ ब्रशनं खाचांत टिपत बुडबुडे फोडत जायचं. सगळी कलाकुसर या एका थरात असते, इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया. तो हाताला चिकट लागेल पण बोटाला येणार नाही, अशा वेळी दुसरा. दुसऱ्यापासून दाट करणारं द्रव्य (हे हार्डनर नव्हे, त्याच्याशिवाय वेगळं) मिसळून पिठल्याइतकं दाट करा, म्हणजे उभ्या बाजूवरून घसरत नाही. एक युक्ती सांगते: एका थरात चिमूटभर रंग टाकायचा, पुढच्यात नाही. कुठे कमी लागलंय ते लगेच दिसतं. असे चार हात, एकूण सहा ते आठ मिलिमीटर. एका घुमटाला सव्वा ते दीड किलो सिलिकॉन पुरेल. पेटी करून भरीव साचा ओतला असता तर याच्या कितीतरी पट गेलं असतं. ब्रशचा खटाटोप त्यासाठीच.

तिसऱ्या हातानंतर सिलिकॉनच्याच लहान वड्या आधी पाडून ठेवलेल्या असतील त्या बाहेरून चिकटवा. आम्ही बर्फाच्या ट्रेमध्ये पाडतो. कवचात त्यांच्या खोबणी तयार होतात आणि साचा दरवेळी त्याच जागी बसतो. कवच कसं करायचं ते मी तुम्हाला काय सांगणार! पुढून मागे मातीची भिंत, प्लास्टर आणि काथ्या, कडेला व्हॅसलिन, दुसरी बाजू, नटबोल्ट. सिलिकॉनला मात्र कुठेही चीर द्यायची नाही. घुमट खालून मोकळा आहे, साचा आपोआप उलटून सुटेल.

फायबरचं काम भाऊला येत नाही. धुळ्या-जळगावला टाक्या, दरवाजे करणारे कारागीर आहेत, त्यांच्याजवळ एक दिवस बसवा त्याला. तो शिकेलच, पण दोन गोष्टी माझ्याकडून. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर आवळावं म्हणून घालतात ते द्रव्य, आणि रेझिनचा हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून, मगच हार्डनर. आणि मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, कात्रीनं न कापता हातानं फाडायची, म्हणजे तिचे धागे एकमेकांत मिसळतात, सांधा दिसत नाही. मॅटचे दोन थर पुरे. कड अजून चिवट असतानाच सुरीनं कापा. पूर्ण कडक झाली की करवत लागते आणि ती धूळ अंगाला आठवडाभर खाजते. तोंडाला मास्क, नायट्राइलचे हातमोजे, आणि हे काम अंगणात. घरात वास मायला सहन होणार नाही.

रंगाचं मला सगळ्यात आवडतं ते सांगते. चंदेरी स्प्रे मारू नका, तो लांबूनही डब्यासारखा दिसतो. साचा रिकामा असताना त्यात पितळेची बारीक भुकटी कोरड्या ब्रशनं चोळा, सिलिकॉनला ती धरून राहते. जास्तीची झटका आणि त्यावर रेझिन चढवा. शिरस्त्राण बाहेर आलं की भांडी घासायच्या तारेनं घासा. खरं पितळ चमकायला लागतं, कारण ते खरं पितळच असतं. खाचांत काळा रंग भरून पुसून काढला की दोनशे-तीनशे वर्षांचं जुनं वाटेल. मानेवर लोंबणाऱ्या कड्यांच्या जाळीसाठी, म्हणजे झिलमीसाठी, साखळ्या विकत आणू नका. जाड सुतळी सैल विणून तिला रुपेरी रंग द्यायचा, इथल्या नाटकवाल्यांची ही जुनी युक्ती. मायला विणायला सांगा, टोप्या शेवटी तिच्याच हातून होतील.

तुम्हाला गंमत वाटेल म्हणून लिहिते. स्टार वॉर्स या सिनेमातल्या सैनिकांची पांढरी शिरस्त्राणं शिल्प आहेत की नाहीत, यावर या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता. १९७७ सालचा तो सिनेमा, आणि निकाल लागला २०११ साली. न्यायालय म्हणालं, शिल्प नाही, सिनेमाच्या कामाची वस्तू. ती शिरस्त्राणं प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर हवेनं ओढून केलेली होती. तुम्ही तिथे असतात तर न्यायाधीशांना दोन शब्द ऐकवले असतेत, हे मला माहीत आहे.

घाई करू नका, पण उशीरही नको. १९ फेब्रुवारीला वेळ आहे असं वाटतं आणि मग संक्रांत येते. आपल्याकडे पौषात पहाटे गारठा असतो, तेव्हा सिलिकॉन आवळायला फार वेळ घेतं, दुपारी करा. हेच काम वैशाखात काढलंत तर उलट, ब्रश फिरेस्तोवर डब्यातच गोळा होईल.

भाऊला एक बजावून सांगा. ही शिरस्त्राणं शोभेची आहेत, ती घालून कुणी मोटारसायकलवर बसायचं नाही. त्याची नजर मी ओळखते. आणि शाडूला हात लावण्याआधी गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या डोक्याचं माप घ्या, आत फोमचं अस्तर जाईल म्हणून वर दोन बोटं धरा. माप कुणाच्या डोक्याचं घ्यायचं ते नाव लिहीत नाही, तो हे पत्र मोठ्यानं वाचतोय.

तुमची
धाकटी