प्रदर्शनाची हकीकत

॥ श्री ॥
लंडन, ता. २० ऑगस्ट १८८६

तीर्थरूप तात्यांचे सेवेशी,

बालके कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पत्र पावले. प्रकृती उत्तम आहे. श्रावण चालू असल्याचा विसर पडलेला नाही, असे आईस सांगावे. पावावरून आपण रागे भरलात, पण येथे भाकरी थापून घालणारे कोण आहे?

साउथ केन्सिंग्टनचे वसाहतींचे व हिंदुस्थानचे प्रदर्शन पाहिले. मे महिन्यात ते उघडताना राणीसरकारच्या स्तुतिगीताचे एक कडवे मोक्षमुल्लर (मॅक्स म्युलर) पंडितांनी संस्कृतात करून दिलेले गाइले म्हणे! हिंदुस्थानी वाड्यापुढे ग्वाल्हेरची कोरीव दगडी वेस उभी आहे. जयाजीराव शिंदे जूनमध्येच वारले. ती वेस पाहून गलबलून आले.

येथील एक रीत चमत्कारिक आहे. तिसऱ्याने ओळख करून दिल्याखेरीज कोणी कोणाशी बोलत नाही. वरच्या मजल्यावरचा गृहस्थ रोज जिन्यात भेटतो. सहा महिने झाले, आम्ही एकमेकांस दिसत नाही. आगगाडीत गुडघ्यास गुडघा लागला तरी मध्ये वर्तमानपत्र धरतात. घरास आग लागली तरी मालकीणबाई दोघांची नावे सांगेपर्यंत तो गृहस्थ बहुधा थांबेल. पण वाड्याच्या चौकात आमचे कारागीर कामास बसवले आहेत, तेथे हीच माणसे त्यांच्या पागोट्यांस खुशाल हात लावतात. गालिचे विणणारे, तांबट, सोनार. एक पोर तर नऊ वर्षांचे. बहुतेक आग्र्याच्या तुरुंगात काम शिकलेले. राणीसाहेबांनी त्यांना विंडसरला बोलावले होते.

बक्षीराम कुंभाराचे वय १०२ सांगतात. त्याच्याशी मोडक्या हिंदुस्थानीत बोलत होतो, तोच एका बाईने मला विचारले, तुम्ही काय करून दाखवता? मी कायद्याचा विद्यार्थी, असे चटकन सांगून चार पावले बाजूस सरलो. म्हातारा माती थापटीत राहिला. (हे आईस वाचू नये.)

हुंडी पावली. आईच्या हातात पाटल्या नाहीत हे दादाच्या पत्रावरून कळले. आपण का लिहिले नाही? धाकटीची सोयरीक माझ्या समुद्रगमनावरून अडत असेल, तर मी पंक्तीस नसेन असे मुलाकडच्यांस खुशाल सांगावे. परतल्यावर प्रायश्चित्त घेईन. तिथी मात्र कळवावी.

कृपा असावी हे विनंती.

ता. क. प्रदर्शनाचा शिलिंग हुंडीतला नव्हे, दोन वेळचे जेवण चुकवून काढला. हेही आईस वाचू नये.